करडीचे जावई

सेलोकर सर मूर्तींच्या दालनात शिरण्याआधी दारात थांबून दोनदा खाकरायचे. मी संग्रहालयात टायपिस्ट म्हणून रुजू झाले त्या दिवशी मला वाटलं, यांना खोकला आहे. मी आलेपाकाची वडी पुढे केली.

"खोकला नाही," ते म्हणाले. "आत बायामाणसं आहेत. एकदम कसं घुसावं?"

आत बारा देवी आणि नाक उडालेली एक चवरीधारिणी उभी होती. सगळ्या यादवांच्या काळातल्या.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. आमचं संग्रहालय म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची जुनी कचेरी, आणि सर तिथले अभिरक्षक. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सरांची मूर्तींची सूची इंग्रजीत टाइप करायला घेतलेली. दिवसाला चार वाक्यं बोलायची, त्यातली दोन 'हो सर' असायची. सरांनी माझं नावच 'कॉन्व्हेंट' ठेवून टाकलं.

सरांचा आवडता शब्द पुरावा. पाऊस पडतोय म्हटलं तरी ते पुरावा मागत. मी ओली छत्री दाखवली, तर म्हणाले, हा दुय्यम पुरावा, छत्री नळाखालीही भिजते. मग स्वतः अंगणात जाऊन भिजून आले आणि समाधानानं म्हणाले, "आता प्राथमिक झाला."

त्यांची विद्वत्ता मात्र खरी होती. कमरपट्ट्याच्या पदरांवरून ते मूर्तीचं शतक सांगत. एका देवीच्या तुटलेल्या हातात महाळुंग होतं की कमळ, यावर त्यांनी अकरा वर्षं घालवली होती. एकदा मी टेबलावरून मान वर केली तर सर टेरिलीनच्या पँटीत, कमर एकीकडे, मान दुसरीकडे, त्रिभंगात उभे. उजव्या हातात वांगं. फळ धरल्यावर कोपर किती वाकतं ते मोजत होते. तेवढ्यात पोस्टमन आला. त्यानं रजिस्टर पत्र वांग्यावर टेकवलं, सही घेतली आणि गेला. त्यालाही सवय असावी.

ते वांगं ज्या देवीसाठी होतं, ती ही. हातभर उंचीची, एक हात नसलेली, आमच्या यादीत सत्तावीस नंबरची. ती करडी गावच्या तलावात ढिवरांच्या जाळ्यात सापडली होती. भंगलेली मूर्ती पुजायची नसते, पाण्यात सोडायची असते, म्हणून गाव तिला पुन्हा तलावात सोडायला निघालं होतं. सर सायकल हाणत पोचले आणि म्हणाले, पाण्यात सोडता तर मले द्या. ढिवरांच्या वस्तीतली भागरताबाई पुढे आली. "आमच्या जाळ्यात आली, म्हणजे आमची लेक. लेक मागाले आला, अन् रिकाम्या हातानं?"

सर परत गेले आणि हिरवं लुगडं घेऊन आले. गावानं अट घातली: दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, घरोघरी लेकीजावई येतात, तेव्हा हीही माहेरी आली पाहिजे. आणि मूर्तीला नेणारा तो जावई, या न्यायानं जन्मभर एकटे राहिलेले आमचे सर अख्ख्या वस्तीचे जावई झाले.

मी रुजू झाले त्या वर्षी मंडईला निघालेल्या सरांना निरोप द्यायला मी एसटी स्टँडवर गेले होते. दोघा हमालांनी गोधडीत गुंडाळलेली देवी खिडकीजवळ बसवली. कंडक्टर चांगला माणूस, अर्ध्या तिकिटावर भागवतो म्हणाला. सर संतापले. आठशे वर्षांच्या बाईला अर्धं तिकीट?

दुसऱ्याच दिवशी नागपूरहून तपासणीचे साहेब आले. न कळवता. यादी घेऊन मोजत मोजत सत्तावीसपाशी थांबले. चौथरा रिकामा, त्यावर सरांच्या अक्षरात चिठ्ठी: 'मंडईला माहेरी गेली आहे. सोमवारी येईल.'

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. संध्याकाळपर्यंत मूर्ती दिसली नाही तर सेलोकरांना निलंबित करतो आणि पोलिसात कळवतो, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. "ती करडीला आहे," मी म्हणाले. "दाखवते." त्या दिवसाची माझी वाक्यं तिथेच संपली.

जीप वस्तीत शिरली तेव्हा सर पाटावर बसून मासळीचा रस्सा ओरपत होते. शेजारच्या पाटावर देवी, हिरवं लुगडं, ओटीत तांदूळ आणि नारळ. सरांपुढे जावयाच्या मानाचा नवा दुपट्टा, घडी न मोडलेला. भागरताबाईनं साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे कोण वं? व्याही का?"

मी घाबरून 'हो' म्हणाले. साहेबांसाठी पाट आला.

साहेब बसले नाहीत. ही सरकारी मालमत्ता आहे, आजपासून बाहेर काढायची नाही, असं त्यांनी बजावलं.

"लेक देल्ली साहेब, विकली नाई," भागरताबाई म्हणाली. "माहेर बंद करत असान तं आजच तलावात सोडतो तिले."

सरांच्या हातातला घास तसाच राहिला. साहेबांनी वळून त्यांना विचारलं, या माहेराला काही आधार आहे का? सरांचा चेहरा उजळला. "पुरावा ना? प्राथमिक आहे." त्यांनी पिशवीतून आवक नोंदवही काढली. दर वर्षी सोबत आणत असत. सत्तावीस नंबरपुढे शेऱ्यात लिहिलं होतं: 'दरवर्षी मंडईस माहेरी पाठवण्याच्या अटीवर स्वीकारली.' खाली भागरताबाईचा अंगठा आणि त्या वेळच्या वरिष्ठांची सही.

साहेब बराच वेळ सही पाहत होते. मग 'तपासले' असं लिहून त्यांनी बूट काढले आणि पाटावर बसले. रस्सा त्यांनी तीनदा घेतला.

सोमवारी देवी चौथऱ्यावर आली. लेबलं शोधताना मी चुकून सरांचा कप्पा उघडला. आत नऊ दुपट्टे होते, एकदाही न वापरलेले, घडीवर घडी. प्रत्येकाला दोऱ्यानं संग्रहालयाचं लेबल बांधलेलं: वस्तू, प्राप्तिस्थान करडी, वर्ष.

दारात दोनदा खाकरण्याचा आवाज आला. सर उभे होते, हातात यंदाचा, दहावा दुपट्टा.

मी कप्पा लोटला नाही. मी एक कोरं लेबल घेतलं. वस्तू: दुपट्टा, सुती. प्राप्तिस्थान: करडी. देणगीदाराच्या रकान्याशी थांबले. जुन्या नऊही लेबलांवर तो कोराच होता.

"इथे काय लिहू, सर?"

सर चष्मा पुसत राहिले. "लिही," ते हळूच म्हणाले, "घरचे."

मी लिहिलं. पुरावा मागितला नाही.