प्रभाकररावांनी मोटर नमविली त्याची हकीकत

शके १८७७, मन्मथनाम संवत्सरी, वैशाख मासी, राजमान्य राजश्री प्रभाकरराव, वस्ती आर्वीनजीक खेडे, यांनी मिस्त्रीची कुमक न घेता, घरच्या अंगणी, आपली मोटर वीतभर खाली आणिली आणि फत्ते जाहली. परंतु हे वर्तमान पुढील. तूर्त मोटर उंचच आहे व काही घडलेच नाही, ऐसे समजोन ऐकावे.

कलहाचे मूळ चौरंग. मोटर साहेबी अमदानीतील, अंगाने उंट. रावांचे कुटुंब आनंदाबाईसाहेब नऊवारी सावरून चढावयाच्या तर आधी चौरंग मांडावा लागे, आणि मग गाव पाहावयास जमे. भाचीचे लग्न आर्वीस नेमिले तेव्हा बाईसाहेबांचे फर्मान सुटले, "मले लग्नाले जायचं हाय, झाडावर चढाचं नाई. मी तानबाच्या दमणीनं जातो. तुमी या मांगून, एकले."

बायको बैलांच्या दमणीत आणि मागे रिकामी मोटर, हा देखावा समस्त सासुरवाडी मांडवाच्या दारी उभी राहोन पाहणार, या धास्तीने रावांस अन्न गोड लागेना.

मग मसलत जाहली. मोटर ज्या कमानींवर तोलली होती त्यांचे पोलादी पाटे एकावर एक रचिलेले. त्यांतील काही काढावे म्हणजे मोटरीचा तोरा उतरेल. मग गाडीवान तानबास हुकूम जाहला, आणि वंगणासाठी बैलगाडी उचलितात तैसी मोटर वाशाने उचलून सरकीच्या पोत्यांवर ठेविली, आणि राव खाली शिरले, आणि तानबाच्या पांढऱ्या बैलाने एक पोते फोडून सरकी खावयास आरंभ केला, आणि मोटर सावकाश रावांच्या नाकावर चालून आली.

तानबा वदला, "राव, निघा बाहेर. तो खाऊन राह्यला."

राव निघाले. बैलावर फितुरीचे कलम ठेविले. आरोपीने चघळणे तहकूब केले नाही.

नवी पोती आली, पाटे निघाले, आणि मोटर अंड्यांवरच्या कोंबडीसारखी भुईलगत बसली. लग्नाचे दिवशी बाईसाहेब चौरंगाविना आत शिरल्या आणि हसावयास जमलेला गाव नाइलाजाने पांगला.

मग शीव ओलांडली. पुढे काळ्या मातीची गाडीवाट. दोहोंकडे खोल चाकोऱ्या, मध्ये उन्हाने दगड झालेला उंचवटा. चाके चाकोऱ्यांत उतरली, पोट उंचवट्यावर टेकले, आणि मोटर जागीच गुरगुरू लागली. साहेबाने ती उंच का केली होती, हे रावांस तेथे उमगले.

मागून आहेराचे सामान घेऊन दमणी आली. तानबा वदला, "बाई, या इकडं."

"उतरत नाई. पयल्यांदाच मानसावानी बसलो. तुहे बैल सोड अन् इले जुंप."

मग फितूर बैल व त्याचा जोडीदार मोटरीस जुंपिले, आणि राव चाक धरून पुढे पाहत बसले, आणि उंचवटा नांगरीत मोटर मांडवाच्या दारी पावली. बाईसाहेब मोटरीतूनच आल्या व चौरंगाविना उतरल्या, ऐसी फत्ते येथे नमूद केली आहे. मोटर कोणी ओढिली, याची नोंद दप्तरी नाही.

सबब मायबाप सरकारास अर्जदास्त की, मोटरीने आपली बाजू वीतभर खाली घेतली आहे. तरी वर्धा जिल्ह्यातील तमाम गाडीवाटांच्या उंचवट्यांस तितकेच खाली बसण्याचा हुकूम व्हावा, आणि तो पुढील लग्नसराईपूर्वी त्यांस वाचून दाखवावा.