डोमाजीची समोरची बाजू

"मांगं कोनी बसू नोका! ए बाप्पा, ऊठ तू! समोर म्हंजे समोर!"

मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेची, दुपार. केशोरीच्या मैदानात बैलांच्या दोन बंड्या जोडून केलेल्या मंचावरून डोमाजी ओरडत होता. तीन बाजूंना त्याने बांबूचे तट्टे बांधले होते. मोकळ्या चौथ्या बाजूनेच गावाने पाहायचं, असा हुकूम. आमची दंडार, म्हणजे गावचं गाण्या-सोंगांचं नाटक, मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशी, की मैदानात मधोमध नट आणि चहूकडून माणसं.

इंग्रज गेले त्या सुमाराला डोमाजी नागपूरला एक नाटक पाहून आला, तेही खांबाआडून. अर्धा खांब आणि अर्धी नायिका, एवढ्या भांडवलावर तो रंगमंचाचा जाणकार झाला. आल्याआल्या गोठ्यातल्या बैलांची तोंडं एका दिशेला केली. लग्नात समोरासमोरच्या पंगती मोडून सगळ्यांना नवरदेवाकडे तोंड करून जेवायला बसवलं. एका मयतीत "मढ्याच्या मांगं कोनी बसू नोका" म्हणाला, तेव्हा मढंच उठून पुढे जाऊन बसतं की काय, अशी मला धास्ती पडली.

आजचा मंच तर अकलेचा कळस होता. समोर बसणाऱ्याचं तोंड नेमकं मावळतीकडे. जे थोडे बसले होते ते उन्हामुळे कपाळाला हात लावून बसलेले. डोमाजीला वाटलं, सलाम करताहेत. त्यानेही उलट सलाम ठोकला.

बाकीचं गाव तट्ट्यांच्या मागे, आपल्या नेहमीच्या जागी. शेवटी पाटील उखडले.

"काऊन रे डोमाजी, आमी का तट्टे पाहून राहावं? काढ ते, नाही त चाललो आमी घरी!"

"हाव जी, चला!" लोक उठायला लागले.

मी दंडारीत पेटी वाजवायचो. बरी जिरली याची, म्हणून मी खुशीत पेटी बंद करत होतो, तोच डोमाजी उतरून माझ्याजवळ आला. आवाज इतका खाली, की दुसराच कोणी बोलतोय असं वाटलं.

"भाऊ, दंडारीत वाजंत्री आमच्या पाठीमांगं, बायांची जागा त्यायच्याबी मांगं. आन् आमी नट बोलतो पाटलाकडे तोंड करून. तीस वर्सं झाली. राजा झालो, राक्षस झालो, तुमच्या वयनीनं माही पाठच पाह्यली. आता दात गेले. आजच्यानंतर मी काम नाही करत. येक डाव तिले तोंड दिसू द्या ना जी."

मी वळून पाहिलं. समोर अंथरलेल्या तणसावर, पहिल्या रांगेत, काशीवहिनी पदराची सावली करून बसल्या होत्या. बायांपैकी एकट्याच.

मी पेटी उचलली आणि समोरच्या बाजूला नेऊन ठेवली. ढोलकीवाला मागोमाग आला. वाजंत्री जिकडे, तिकडे गाव. शिव्या देत का होईना, सगळे समोर येऊन बसले. पाटीलसुद्धा, कपाळाला हात लावून.

डोमाजी म्हातारा राजा झाला होता. त्या बोळक्या राजाने पोरासाठी असा काही गळा काढला, की मंडईतले दोन गोऱ्हे दावं तोडून थेट अर्जुनीच्या वाटेला लागले. म्हणतात, ते अजून परत आले नाहीत.

पांगापांग झाल्यावर काशीवहिनी तणस गोळा करत होत्या. मी विचारलं, "काहो वयनी, दिसलं का मंग तोंड?"

"दिसलं जी," त्या म्हणाल्या. "पाठ बरी होती."