शिवकालीन खुंटा

शाळेच्या सहलीची गाडी अकराला येणार होती आणि नऊ वाजताच कुशाबाई चार सवाष्णींना घेऊन संग्रहालयाच्या दारात उभी राहिली.

"रामनाथ, माझं जातं दे."

रामनाथरावांनी दारात हात आडवा धरला. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टरकी करून ते आपल्या गावी, पेठला परतले होते आणि सुगनचंद शेठच्या रिकाम्या गोदामात गावातल्या जुन्या वस्तू मांडून बसले होते. हौस एवढी दांडगी, की घरोघर फिरून त्यांनी गावातलं एकूण एक जातं उचलून आणलं होतं. सात जाती ओळीनं मांडलेली, आणि प्रत्येकापुढे पाटी: 'हात लावू नये'.

जागा शेठनी फुकट दिली होती, पण बोली करून. अमुक तारखेपर्यंत वहीत शंभर माणसांच्या सह्या झाल्या तर संग्रहालय राहील, नाहीतर बियाण्याची पोती येतील. ती तारीख आजची होती आणि वहीत नावं बावन्न. सहलीची चाळीस मुलं नि दोन बाई धरून चौऱ्याण्णव होत होती. उरलेल्या सहांसाठी रामनाथरावांनी ओझरच्या विघ्नहराला नारळ बोलला होता.

"आत्या, ते आता प्रदर्शनात हाय. इथली वस्तू भाईर जात नाय."

"उद्या माझ्या नातीला, आरतीला हळद लागायची. गावात एक जातं ठेवलं न्हाईस तू. मुहूर्ताची हळद काय गिरणीतनं आणू?"

"नियम म्हंजी नियम."

"बरं, जातं भाईर येत न्हाई ना? मग आमी आत येतो!"

आत येऊ नये असा नियम नव्हता. पण बिनतिकीट माणूस आत सोडणं रामनाथरावांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी फुकटची पाच तिकिटं फाडली, पंच केली आणि वहीत चार सह्या नि कुशाबाईचा अंगठा घेतला. मगच बाया आत गेल्या.

जात्याला हळदकुंकू वाहिलं, सुपारी बांधली, आणि कुशाबाई थबकली. "ह्याचा खुंटा कुठंय रं? काय धरून फिरवू?"

रामनाथरावांना ठाऊक नव्हतं. कुशाबाई शोधत शोधत काचेच्या कपाटाशी गेली. त्यात लाल मखमलीवर एक लाकडी दांडकं निजवलेलं होतं. खाली पाटी: 'लाकडी शस्त्र, बहुधा शिवकालीन'.

"अगं बया! ह्यो माझ्या जात्याचा खुंटा! आमच्या मालकांनी बाभळीचा तासला व्हता, थोरल्याच्या बारशाला!"

सवाष्णी हसून हसून भिंतीला टेकल्या. दगडानं ठोकून खुंटा बसवला, हळकुंडं पडली, जातं घरघरलं आणि लगेच ओवीही जुळली:

"खुंट्याला म्हणे शस्त्र, रामनाथ कंडक्टर गं,
लढाई कशाची ती, घरातली भाकर गं!"

गाडी वेळेवर येत नाही म्हणून ज्या माणसानं जन्मभर बोलणी खाल्ली, त्याच्या दारात त्या दिवशी गाडी अर्धा तास आधी आली. चाळीस मुलं आत घुसली. आत पिवळा धुरळा नि गाणं. कपाटांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आजी, मी फिरवू?" एका मुलीनं विचारलं.

"हात लावू नये!" रामनाथराव ओरडले.

"गप रं! हात लावल्याबिगर दळण पडतं व्हय?" कुशाबाईनं मुलीला समोर बसवलं. "घास लहान घाल, बाय. मूठ भरून घातलंस की जातं अडतं."

मग जात्यापुढे रांग लागली. दळून झालेली मुलं बायांना हाताला धरून वस्तूंपुढे नेऊ लागली. हे काय, ते कशाला? बाया सांगत होत्या आणि रामनाथराव पेन घेऊन मागून पाट्या दुरुस्त करत होते. आणखी चार पाट्या चुकलेल्या निघाल्या. आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाचव्या पाटीपर्यंत लाज कुठल्या कुठे गेली आणि आपल्या पाट्यांपेक्षा ही माणसं जास्त जाणतात, याचंच त्यांना कौतुक वाटू लागलं. जन्मभर दुसऱ्यांना पुढं सरकवलं. मागं उभं राहून ऐकण्यात इतकं सुख असतं, हे ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी शेठ आले. भिंतीवर चाळीस पोरांच्या हळदीच्या हातांचे पिवळे पंजे पाहून त्यांनी टोपी मागे सारली. मग वही उघडून बोट लावत नावं मोजली.

"नव्व्याण्णव. बोली म्हंजी बोली, रामनाथराव."

रामनाथरावांनी एक तिकीट फाडलं, पंच केलं, स्वतःच्याच खिशात घातलं आणि वहीत नाव लिहिलं. 'काय शिकलात?' या रकान्यात लिहिलं: 'जात्याचा खुंटा. शिकवणाऱ्या: कुशाबाई.'

"अवो, तुमी तर इथलेच!"

"कालपतोर व्हतो, शेठ. आज शिकायला आलो."

शेठनी भिंतीवरच्या एका पंजावर स्वतःचा हात ठेवून पाहिला.

"नुसते शंभर बरे नाय दिसत," ते म्हणाले. "शुभकार्यात वर एक लागतो. फाडा माझं एक."

त्यांनी सही केली आणि रकान्यापाशी पेन थांबलं. "इथं काय लिवू?"

रामनाथरावांनी ताटात उरलेलं एक हळकुंड त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"आधी दळा, शेठ. मग लिवा."