बाबांचा हात बिघडला

निवृत्त होऊन दुसरा आठवडा उजाडला तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, की घरात आपली परस्पर नेमणूक झालेली आहे. पगार नाही, रजा नाही, आणि नेमणुकीचा हुकूम एकाच वाक्याचा : ‘तुम्ही घरीच आहात ना!’ सूनबाईंचं पार्सल येणार असेल तर ‘बाबा, तुम्ही घरीच आहात ना!’ वॉशिंग मशीनवाला दिवसभरात कधीतरी उगवणार असेल तर ‘तुम्ही घरीच आहात ना!’ शेजारच्या बाईंनी तर आपल्या घराची किल्लीसुद्धा आणून दिली, गॅसवाला आला की उघडायला. साहेब म्हणजे वजनमापं तपासणारे निरीक्षक. एके काळी ते दिसले की दुकानदार काट्याखाली चिकटवलेलं चुंबक घाईघाईने खिशात घालायचे. तो माणूस आता दुसऱ्याच्या गॅस सिलिंडरची वाट बघत दाराशी बसायला लागला.

म्हणून एका रात्री जेवताना ते बोलून गेले, “मी उद्यापासून वॉटरकलर शिकणार आहे.”

वॉटरकलरच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी गाणं सुचलं होतं. पण गाणं शिकायचं तर आवाज लागतो, आणि तो सगळ्या घराला ऐकू येतो. चित्रकलेला फक्त एक बंद दार लागतं.

“अहो, तुम्ही?” बायको म्हणाली. “भिंतीला रंग द्यायला घेतला होतात तेव्हा पंखा रंगवून ठेवला होता.”

“काढू दे ना आई,” मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. “या वयात मेंदूला काहीतरी चालना पाहिजे.”

मागची छोटी खोली रिकामी झाली. फुटक्या सुटकेसी माळ्यावर गेल्या, दाराला आतून कडी बसली. साहेबांनी ती लावली आणि खुर्चीवर बसले. नुसते बसले. बाहेर बेल वाजली, सूनबाई स्वतः उठल्या. बायको कुणाला तरी सांगत होती, “ते चित्र काढतायत.” चाळीस वर्षं नोकरी करून जे मिळालं नव्हतं ते एका कडीने मिळालं, असं साहेबांना अगदी मनापासून वाटलं.

पण घर म्हणजे घर. महिन्याभराने सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दाखवा की काय काढलंत ते!” बायको तर टेप घेऊन खोलीच्या दाराशी उभी होती, शिलाई मशीन इथे बसेल का, ते बघत होती. म्हणजे चित्र दाखवा, नाहीतर खोली सोडा.

चित्रं होती, पण दाखवण्यासारखं एकही नव्हतं. जलरंगाचा स्वभाव फार वाईट. एकदा फटकारा मारला की मारला, परत घेता येत नाही. पुसायला जावं तर कागदाचं पोतेरं होतं. साहेब आकाश काढायला बसले की चिखल व्हायचा, आणि चिखल काढावा म्हटलं तर तोही धड व्हायचा नाही. शेवटी चांगली फ्रेम केली तर चित्र जरा लपेल, या आशेने ते कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे गेले.

फ्रेमवाल्याने चित्र उभं धरलं, आडवं धरलं. “साहेब, हे फ्रेम करायचं, की याच्यावर बाटल्या ठेवायच्या?”

साहेबांचा चेहरा इतका उतरला, की त्या माणसालाच दया आली. त्याने माळ्यावरून एक गठ्ठा काढला. “हे बघा. एक बाई फ्रेम करायला म्हणून ठेवून गेल्या, त्या परत फिरकल्याच नाहीत. नाव नाही, पत्ता नाही. माझी नुसती जागा अडलीय. देताय काहीतरी? न्या.”

धुक्यातल्या होड्या, पाण्यावरचा उजेड, काठावरची झाडं. एकाही चित्रावर सही नव्हती. साहेबांनी घरी येऊन कडी लावली आणि पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात आपली सही ठोकली. ज्या हाताने जन्मभर फक्त खऱ्या वजनांवर शिक्का मारला, तो हात या वेळी जरासुद्धा कापला नाही.

घरात सगळे अवाक् झाले. मुलाने मोबाइल खाली ठेवला, यावरून काय ते समजा. बायको चित्रापुढे उभी राहिली आणि चक्क रडायला लागली.

“एवढं सगळं तुमच्या आत होतं,” ती म्हणाली, “आणि मी तुमच्याशी आयुष्यभर दूध नासलं आणि नळ गळतोय एवढंच बोलत राहिले.”

तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण जिने लग्न झाल्यापासून कधी त्यांचं कौतुक केलं नव्हतं, ती डोळे पुसत कौतुक करत होती. साहेब मान खाली घालून उभे राहिले. सगळ्यांना तो विनय वाटला.

मग दर थोड्या दिवसांनी एक होडी खोलीतून बाहेर यायची. दिवाणखान्याच्या भिंती भरल्या. पाहुण्यांना आधी होड्या दाखवायच्या, मग चहा. शेजारच्या बाईंनी किल्ली परत नेली. “कलावंताला कशाला त्रास!” त्या म्हणाल्या.

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. बंद खोलीत बसून करणार काय? साहेब खरोखर चित्रं काढायला लागले. खिडकीतून मागच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि भिंतीवरून खाली आलेला सांडपाण्याचा जाड पाइप. दुपारी त्या पाइपची सावली भिंतीवर पडायची आणि हळूहळू तिरकी व्हायची. साहेब तीच काढत राहिले. कागद किती ओला ठेवायचा, हात कधी थांबवायचा, कोरी जागा कुठे सोडायची, हे फार उशिरा, फार वाईट चित्रं काढून त्यांना कळायला लागलं. ते सकाळी उठले की आधी भिंत बघायचे. कडी आता कुणाला बाहेर ठेवायला लावली आहे, हे ते विसरूनच गेले होते.

होड्या संपल्या त्याच सुमाराला एका दुपारी सावली साधली. ओलसर, निळसर, भिंतीला टेकलेली. हात लावला तर गार लागेल अशी. साहेबांना इतका आनंद झाला, की रंगाने बरबटलेल्या हातांनीच ते चित्र घेऊन बाहेर आले.

“हे बघा!”

सगळे बघत राहिले.

“बाबा,” मुलगा सावकाश म्हणाला, “हे काय आहे?”

“पाइप.”

“कसला?”

“मागचा. संडासाचा. पाइप सोड रे, सावली बघ!”

“आणि हे... तुम्ही काढलंत?”

“मी काढलंय!” साहेब जवळजवळ ओरडलेच. “मी! माझ्या हाताने!” इतक्या जोरात त्यांनी एकाही होडीबद्दल सांगितलं नव्हतं.

बायकोने भिंतीवरच्या होडीकडे पाहिलं, मग पाइपकडे, आणि पदर तोंडाला लावून ती स्वयंपाकघरात गेली. सूनबाई तिच्या मागोमाग गेल्या. तिथली कुजबूज साहेबांना नीट ऐकू आली. “रेघ बघितलीस का? सगळी थरथरलीय.” “आई, कधीपासून होतंय हे?” “हात बिघडला गं त्यांचा. आणि त्यांना कळतसुद्धा नाहीये.”

दोन दिवसांत मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मुलाने मोबाइलमध्ये होड्यांचे फोटो नेले होते, पाइपचाही नेला होता. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी शेजारी पाहिले आणि ‘हं’ म्हणाले. मग त्यांनी साहेबांपुढे कागद ठेवला.

“एक घड्याळ काढा.”

साहेबांचा चेहरा खुलला. भिंतीवर घड्याळ होतं. ते साहेबांच्या खुर्चीवरून कडेने दिसत होतं, म्हणजे गोल नव्हे, लांबट. आपल्याला माहीत असतं ते काढायचं नाही, दिसतं ते काढायचं, हे त्यांना एवढ्या दिवसांच्या मेहनतीने कळलं होतं. त्यांनी मन लावून लांबट घड्याळ काढलं, त्याची सावलीही काढली.

डॉक्टरांनी कागद मुलाकडे सरकवला. “बघा. गोलसुद्धा जमत नाही.”

आता मात्र साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. फ्रेमवाला, गठ्ठा, सही, सगळं. “त्या होड्या माझ्या नाहीत, डॉक्टर. माझा फक्त पाइप आहे.”

बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं, पण आवाज हळू करायची त्यांना सवय नसावी. “हे होतं. स्वतःचंच काम ओळखू येत नाही. मग मन काहीतरी गोष्ट रचतं, आणि पेशंटला ती अगदी खरी वाटते. वाद घालू नका.”

“अरे, मग त्या फ्रेमवाल्याला विचारा!” साहेब म्हणाले.

मुलगा भला होता. त्याने परत येताना गाडी थांबवली. फ्रेमवाल्याने मुलाचा गंभीर चेहरा पाहिला, त्याला वाटलं त्या बाईंची तक्रार आली. गिऱ्हाइकाचा माल परस्पर विकला, असं कोण कबूल करेल?

“मी विकली? छे हो!” तो म्हणाला. “साहेबांचीच चित्रं आहेत. मी आपला फ्रेमा करून द्यायचो. काय हात होता त्यांचा!”

“खोटं बोलतोस?” साहेब गरजले. “तुझ्या दुकानाची मापं—”

“बाबा, चिडू नका,” मुलगा प्रेमाने म्हणाला आणि त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. त्या प्रेमाचाच साहेबांना फार राग आला.

त्याच दिवशी दाराची कडी काढली. त्यांना एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खोलीत शिलाई मशीन आलं, मशीनपाशी बायको आली. सूनबाईंनी लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक आणून दिलं. “रेघेच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही हं रंग, बाबा.” घरातले सगळे त्यांच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. दुपारी सावली भिंतीवर यायची आणि मशीनच्या खडखडाटात निघून जायची. साहेबांनी ब्रश हातात घेतला की बायको टाके थांबवून त्यांच्या बोटांकडे बघत बसायची.

महिन्याभराने पुन्हा डॉक्टर. त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर धुक्यातली होडी होती.

“हे चित्र कोणाचं?”

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती श्वास रोखून बसली होती. या महिन्यात ती अर्धी झाली होती.

“माझं,” साहेब म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. कोपऱ्यात सही आहे बघा.”

मग त्यांनी घड्याळ काढलं, वाटीने आखल्यासारखं गोल. डॉक्टर खूश झाले. औषध लागू पडलं होतं. गाडीत मुलगा पहिल्यांदाच मोकळं हसला.

घरी आल्या आल्या मशीन बाहेर गेलं, कडी परत बसली. बायकोने खोली झाडायला घेतली. गादीखाली, कपाटामागे, टेबलाखाली, जिथे हात घालावा तिथे पाइप निघाले. तिने सगळे गोळा केले. सगळ्यांत वर ती ओलसर निळी सावली होती.

“ही सगळी आजारपणातली,” ती म्हणाली. “डोळ्यांसमोर नकोत मला. रद्दीत टाकू ना?”

साहेब बराच वेळ त्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. बायकोचा चेहरा हळूहळू पुन्हा काळजीत पडायला लागला.

“टाक,” ते म्हणाले.

तिला एवढं हायसं वाटलं, की तिने गठ्ठा काखेत मारून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “आता माझ्यासाठी एक होडी काढा. आधी काढायचात ना, तशीच.”

साहेब ‘हो’ म्हणाले. म्हणणं भागच होतं; ते बरे झाले होते.