निकुंभकाकांची इरावती

निकुंभकाकांकडे प्यायला पाणी मागू नये, असा आमच्या कॉलनीत एक अलिखित नियम होता. पाणी म्हटलं की काकांना नदी आठवायची, नदी म्हटली की इरावती, आणि इरावती एकदा वाहू लागली की पाणी मागणारा तासभर तहानलेलाच बसायचा.

इरावती ही ब्रह्मदेशातली नदी. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले आणि त्याच वर्षी सुमनकाकूंना घेऊन एका टूरबरोबर तिच्यावर आठवडाभर बोटीतून फिरून आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर आमच्या कॉलनीचा परदेशाशी संबंध म्हणजे कुणाचा तरी मेहुणा दुबईला होता, एवढाच. काका परतले ते डोक्यावर बोटीवरची पांढरी टोपी चढवूनच. पुढे दहा-बारा वर्षं ती टोपी घालून ते भाजी आणायला, बँकेत आणि एकदा तर कुणाच्या तरी दहाव्यालासुद्धा गेले.

"काठावरून काय दिसतं? नदीवरून बघा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महापालिकेने रस्ता खणून ठेवला आणि आम्ही कडेला उभे राहून तावातावाने बोलू लागलो, की काका जाता जाता ते वाक्य टाकून जायचे. त्याचा तिथे अर्थ काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर बोट सुटली असती. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी एकदा दोन खेडी आणि तीन मंदिरं दाखवली. तो बिचारा पान्हा हातात धरून ऐकत होता आणि मोरीत पाणी वाहत होतं.

नाशिकची पांडवलेणी म्हणजे साक्षात बौद्ध लेणी, तीही दोन हजार वर्षांपूर्वीची. मी एकदा म्हटलं, "काका, बौद्ध मंदिरांची एवढी आवड आहे, तर लेण्यांवर जाऊन येऊ."

"तिथं नदी कुठंय?" काकांनी विषय संपवला.

खरी गंमत पुढेच आहे. इरावतीकाठच्या एकाही मंदिरात काकांनी पाऊल टाकलेलं नव्हतं.

हे आम्हाला काकूंकडून कळलं. त्या देशात देवळाच्या पहिल्या पायरीपासूनच पादत्राणं काढावी लागतात. काकांनी टूरसाठी मेनरोडवरून नवे कोरे बूट घेतलेले. त्यात पंचवटीतल्या देवळांबाहेर आयुष्यभरात तीन जोड गमावलेला माणूस. त्यावर आपल्याकडे जो उपाय करतात, तोच त्यांनी इरावतीकाठी केला. म्हणजे, डावा बूट एका दारापाशी सोडला आणि उजवा पायात तसाच ठेवून पलीकडच्या दाराकडे निघाले. जोडी फोडली की चोर हात लावत नाही, हा हिशोब. पण एक पाय बुटात आणि एक अनवाणी, अशा चालीत ते पायरीवर कलंडले आणि पाय घोट्यात मुरगळला. दोन भिक्षूंनी त्यांना उचलून बोटीवर आणलं. मागून तिसरा एकेका हातात एकेक बूट धरून आला.

त्यानंतरचा सगळा प्रवास काका डेकवरच्या खुर्चीत पाय वर करून बसले होते. काकू मात्र रोज उतरायच्या. गावं बघायच्या, देवळं बघायच्या, बायकांशी खाणाखुणांनी बोलायच्या आणि परत आल्या की बाम चोळता चोळता काकांना सगळं सांगायच्या. म्हणजे काकांची इरावती ही काकूंच्या तोंडून ऐकलेली इरावती. 'नदीवरून बघा' या तत्त्वज्ञानाचा उगम त्या सुजलेल्या घोट्यात होता. काका अर्थातच तो घोटा साफ नाकारायचे. "जरासं लचकलं होतं. मीच म्हटलं, सगळ्यांनी खाली कशाला जायचं?"

दर रविवारी सकाळी मी आणि माझी बायको मंजू त्यांच्याकडे चहाला जायचो. काकांनी सांगायचं आणि काकूंनी स्वयंपाकघरातून दुरुस्त करायचं, असा तो प्रयोग चाले.

"मग त्या देवळात भलीमोठी घंटा..."

"घंटा नदीपलीकडच्या देवळात होती! या देवळात निजलेला बुद्ध. पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही खुर्चीत होतात!"

आम्ही हसायचो. काका टोपी सारखी करायचे आणि पुढे वल्हवायचे.

दोन हजार सालानंतर केव्हातरी काकांच्या चुका वाढल्या. निजलेला बुद्ध उभा राहिला. ज्या गावात मातीची मडकी घडवायचे तिथे पैठण्या विणू लागले. वय झालं, मी मनात म्हटलं. पण ऐकून ऐकून ती सफर मला इतकी पाठ झाली होती की एका रविवारी मला राहवेना.

"काका, बुद्ध निजलेला होता."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातला कप खालीच ठेवला. निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले.

"तुला कोणी विचारलं होतं रे?"

"नाही, चुकलं होतं म्हणून..."

"प्रेसमध्ये छपाईतल्या चुका शोधायचं काम होतं माझं. उभी हयात त्यात गेली. मला चूक कळत नाही?" मग त्यांचा आवाज खाली आला. "सुमनला हल्ली आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू सगळंच जाईल. परवा मलाच म्हणाली, जेवून जाणार ना? पण मी इरावतीत चुकलो की तिला राहवत नाही. हातातलं काम टाकून बाहेर येते, मला झापते. तेवढा वेळ ती आपली सुमन असते. तू मध्ये तोंड घालू नकोस."



पुढे आम्हीही चुका करायला शिकलो. मंजू विचारायची, "काकू, ती घंटा लाकडाची होती ना?" काकू पदर खोचून बाहेर यायच्या. पुढे पुढे बाहेर येऊन फक्त मान हलवायच्या. मग तेही कमी झालं. एका रविवारी काकांनी सरळ ठोकून दिलं, की बोटीवर रोज पुरणपोळी असायची. आम्ही स्वयंपाकघराकडे कान लावून बसलो.

"असेल," काकू आतून म्हणाल्या.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती टोपी डोक्यावरून उतरलेली मी प्रथमच पाहिली.

पुढच्या रविवारी त्यांनी फर्मान काढलं, "तिला नदीवर नेऊ." आम्ही चौघं रिक्षाने सोमेश्वरच्या देवळापाशी गेलो. तिथे गोदावरीत वल्ह्याच्या नावा मिळतात. नाव मध्यावर गेल्यावर काकांनी इरावती काढली आणि एकावर एक चुका केल्या. काकू पाण्यात बोटं बुडवून गप्प बसल्या होत्या. काका घामाघूम झाले. शेवटी नाव देवळाच्या काठाला लागली.

काकू उठल्या, घाटाच्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा. पाय सुजलाय ना? मी बघून येते आणि सांगते."

ज्या घोट्याचं नावही ज्यांना खपत नसे, त्या काकांनी मुकाट्याने पाय उचलून समोरच्या फळीवर ठेवला. "ये जाऊन," ते म्हणाले. "सावकाश बघ सगळं."

काकूंनी चपला काढून त्यांच्याजवळ दिल्या. मंजू त्यांचा हात धरून वर गेली.

"काकांना उतरायचं नाय का?" नावाड्याने मला विचारलं. "दर्शन लय झकास होतं."

"त्यांचा पाय दुखतोय," मी म्हटलं.

काका दोन्ही चपला छातीशी धरून पायऱ्यांकडे डोळे लावून बसले. काकू परतल्या त्या लगबगीने, कपाळाला अंगारा लावून. टेकायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. आत किती गार आहे, फुलवाली कशी गोड बोलते, घंटा केवढी मोठी आहे.

काका घसा खाकरून म्हणाले, "आणि देव? उभा आहे की निजलेला?"

"अहो, महादेवाची पिंड आहे ती! पिंड कधी उभी राहते का? इतकंही कसं कळत नाही हो तुम्हाला?"

"चुकलो," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून वाहत होते. "मी कुठे आत आलो होतो? तू सांग. पहिल्या पायरीपासून सांग."