हरकत क्रमांक बेचाळीस

मोहोरवाडीत कोणी कोणावर हरकत घेतली, की सुनावणी होईपर्यंत ती हरकत त्या माणसाच्या घरी राहायला जाते. तिच्या गळ्यात नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असतो, त्यावर क्रमांक. उंचीने ती माणसाच्या कमरेइतकी, तोंडावळ्याने ज्याने घेतली त्याच्यासारखी, आणि अर्जात लिहिलेलं एकच वाक्य तिला बोलता येतं. तिला दोन वेळा जेवू घालावं लागतं. जागा नाकारता येत नाही; नियमात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

नियम जुना आहे आणि गावाला त्याचं काही वाटत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांची हरकत मात्र मुलांपासून सुटी निघत नाही, म्हणून त्यांना स्वतःलाच जाऊन राहावं लागतं. मागे पाचवीतल्या एका मुलीने पिठाच्या गिरणीच्या आवाजावर हरकत घेतली होती. ती गिरणीवाल्याकडे अकरा दिवस राहिली आणि चांगली गुटगुटीत होऊन परत आली.

हणमंत शिंगटे हा नगरपालिकेचा पाणी सोडणारा माणूस. तेरा वर्षं तो मुकुंद लोहोकरेबरोबर दोन खोल्यांच्या घरात राहत होता. मुकुंद शिलाई मशीन दुरुस्त करायचा. ते दोघे एकमेकांचे कोण, हे गावाला ठाऊक होतं. पण गाव ते मोठ्याने बोलत नव्हतं, आणि मशीन बिघडलं की मुकुंदकडेच येत होतं. मग त्या दोघांनी बालगृहातली मंजू दत्तक मिळावी म्हणून अर्ज केला आणि गावाला एकदम कंठ फुटला.

मंजू सात वर्षांची होती. हणमंत रोज सकाळी सहाला बालगृहाच्या टाकीचं पाणी सोडायचा, तेव्हा ती आधीच नळाला कान लावून उभी असायची. "आज चार मिनिटं उशीर," ती सांगायची. तिला घड्याळ नुकतंच वाचता येऊ लागलं होतं आणि ती कोणालाही सोडत नव्हती. मग हणमंत तिला कारणं द्यायचा. मुख्याधिकाऱ्यांपुढेसुद्धा त्याने कधी तितकी दिली नव्हती. एकदा मुकुंद बालगृहाचं मशीन दुरुस्त करायला गेला, तर ती दिवसभर त्याच्याशेजारी बसून स्क्रू मोजत राहिली. संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला, "हणमा, ती आपलीच आहे. फक्त कागद व्हायचा राहिलाय."

कागद होण्याआधी तीस दिवस हरकती मागवतात. एक्केचाळीस आल्या.

पहिली तालुकाध्यक्ष दौलतराव इंगवल्यांची. तिने घरातली एकुलती एक खुर्ची धरली आणि म्हणाली, "संस्कृतीचं काय?" दुसरी विरोधी पक्षाच्या अध्यक्षांची. धरणाच्या पाण्यावरून या दोन पक्षांचं वीस वर्षं जमलं नव्हतं, ते इथे एका दुपारीत जमलं. इंगवल्यांच्या स्वतःच्या मुलाने सहा वर्षांत बापाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, पण त्यावर हरकत घ्यायला कोणी गेलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीतच आहे. तिसरी हरकत शेजारच्या गोदाक्कांची: "पोरीला आई लागते." अठरा तर पक्षाच्या कार्यालयातून झेरॉक्स काढून आलेल्या. त्या फिकट, बारीक, सगळ्या एका तोंडाच्या, आणि "आमच्या भावना" एवढं म्हणून त्यांचा आवाज विरायचा.

मुकुंदने मोठं पातेलं बाहेर काढलं. पाहुणा तिसऱ्या दिवशी जड होतो म्हणतात. हे पाहुणे दोन वर्षं झाली तरी हलले नव्हते. हणमंतने या दोन वर्षांत एकदाही इंगवल्यांच्या आळीचं पाणी अडवलं नाही. मनात यायचं, नाही असं नाही.

घराची पाहणी करायला निंबाळकरबाई आल्या. त्यांनी फीत लावून खोल्या मोजल्या, हरकती मोजल्या आणि लिहिलं, 'मुलीसाठी जागा अपुरी.'

"बाई, ह्या गेल्या की जागाच जागा हाये," हणमंत म्हणाला.

"त्या सुनावणीनंतर जातील."

"मग सुनावणी लावा की."

"सुनावणीला जागा पुरेशी असल्याचा अहवाल लागतो." बाई वाईट नव्हत्या. खाली मान घालून त्यांनी फीत गुंडाळली. "मी तरी काय करू, शिंगटे?"

मुकुंदने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. तो हरकतींच्या गर्दीत भिंतीला टेकून बसून राहिला. हणमंतला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजू म्हणाली, "आज अकरा मिनिटं उशीर. आणि मला न्यायला कधी येणार?"

"जागा नाही म्हणतात, बाळा."

"मग त्या एक्केचाळीस जणांना कशी मिळाली?"

"त्या हरकती हायेत. त्यांना नाही म्हणता येत नाही."

मंजूने नळ बंद केला. "हरकत कुठे घेतात?"

हणमंतने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "नगरपालिकेत. पहिल्या मजल्यावर."

बालगृहाच्या अधीक्षक मेहेंदळेबाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. मुलीला तक्रार मांडायची आहे म्हटल्यावर त्यांनी तिची वेणी घातली आणि अकरा वाजता तिला घेऊन त्या आवक-जावक टेबलापुढे उभ्या राहिल्या. तिथले कारकून कुलथे यांनी चष्मा पुसला.

"कोणावर हरकत?"

"हणमंतकाका आणि मुकुंदकाका."

"काय म्हणून?"

मंजूने स्वतःच लिहिलं. अक्षर मोठं होतं, ओळी खाली घसरत गेल्या होत्या. 'पाणी रोज येतं. हे दोघं मला न्यायला दोन वर्षं आले नाहीत. माझी हरकत आहे.'

कुलथेंनी ते दोनदा वाचलं. शिक्का मारला, बिल्ल्यावर बेचाळीस आकडा ठोकला आणि तिच्या गळ्यात घातला. "अज्ञान बालिका, हरकत सुटी निघत नाही," त्यांनी नोंदवहीत लिहिलं. "राहण्याचा पत्ता: शिंगटे-लोहोकरे."

ती दारात आली तेव्हा मुकुंद पोळ्या लाटत होता. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. "मी हरकत आहे," ती म्हणाली. "मला नाही म्हणता येत नाही."

हणमंत मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसला आणि मनसोक्त रडला. आत झेरॉक्सच्या अठरा हरकती एकमेकींना खेटून सरकल्या. एका पोरीला पाय पसरता येतील एवढी जागा झाली.

तीन दिवसांनी इंगवले नगरपालिकेत आले. "हा काय खेळ चाललाय? पोरीला बाहेर काढा!"

"सुनावणीशिवाय हरकत काढता येत नाही, साहेब," कुलथे म्हणाले.

"मग घ्या सुनावणी!"

"जागा अपुरी आहे. आता तर आणखी एक हरकत वाढली."

"मग जागा कशी होईल?"

"आपण सगळ्यांनी हरकती मागे घेतल्या तर होईल. पण मग दत्तकाला हरकतच उरत नाही." कुलथेंनी फाईल पुढे केली. "मागे घेण्याचा नमुना हा. सही इथे."

इंगवल्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग सही न करता जिना उतरले.

याला आता चार वर्षं झाली. पूर्वी सुनावणीच्या तारखेसाठी चपला झिजवणारा हणमंत आता त्या जिन्याकडे बघतही नाही. गोदाक्कांची हरकत रोज सकाळी "पोरीला आई लागते, पोरीला आई लागते" म्हणत मंजूची वेणी घालायची. तिच्या हाताकडे बघूनबघून मुकुंद शिकला. हल्ली तोच घालतो, आणि हरकत शेजारी बसून रिबिनी धरते.

दर मार्चमध्ये कुलथे पडताळणीला येतात. प्रत्येक हरकतीला विचारतात, कायम की मागे? त्या आपापलं वाक्य म्हणतात आणि कुलथे 'कायम' लिहितात. बेचाळीसपाशी आले की हणमंत हातातलं काम थांबवतो. ती आता तेरा वर्षांची आहे. तिच्या अर्जातलं कारण कधीच संपलंय, हे तिलाही कळतं. एकदा 'मागे' म्हणाली, की त्याच संध्याकाळी परत बालगृह.

या वर्षी कुलथे आले तेव्हा मंजूने आधी घड्याळ पाहिलं. "दहाला येणार होतात. दहा वाजून वीस झाले."

"चुकलं, बाई," कुलथे म्हणाले. "हरकत क्रमांक बेचाळीस. या दोघांवर तुमची हरकत कायम आहे का?"

मंजूने हणमंतकडे पाहिलं, मग मुकुंदकडे. मुकुंदच्या हातातला कंगवा तसाच राहिला होता.

"कायम," ती म्हणाली.

कुलथेंनी लिहिलं आणि शिक्का मारला. मुकुंदने वेणी पुरी केली. हणमंतने चव्वेचाळीस ताटं मांडायला घेतली, मग कुलथेंना म्हणाला, "जेवूनच जा," आणि आणखी एक मांडलं.