झूम काढून टाकलेली बॅटरी

तायडे सर नवी टॉर्च विकत घेतात तेव्हा ती पेटवून पाहत नाहीत. दुकानदार पेटवून दाखवू लागला तर त्याचा हात धरतात. पेटल्यावर ती काय करणार हे त्यांना ठाऊक असतं आणि त्याचा राग आधीच आलेला असतो. घरी आणतात आणि थेट उघडतात.

टॉर्च कोणतीही नाही, झूमचीच. डोकं पुढे ओढलं की उजेड बारीक होऊन लांब जातो, मागे ढकललं की पसरतो, ती. फूटपाथवर ढीग लावून विकतात. आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि आत घालतात ते सेल. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी पातूरच्या बाजूला गेली, मग अमरावतीला आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं. सकाळी ओसरीत त्यांच्यासमोर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असतात, गृहपाठ न करता आलेल्या पोरांसारख्या.

"पाहा वैनी, डोकं सैल हाये इचं. तोंड खाली केलं का लोंबते. अन् हे बटन. एकदा दाबा, फुल. दुसऱ्यांदा दाबा, मंद. तिसऱ्यांदा दाबा तं वरातीसारखी लुकलुकते. कोनं सांगतलं होतं इले लुकलुकाले?"

मग निकाल लागतो. "यात दम नाई." हे त्यांचं पालुपद. चहात दम नाही, बातम्यांत दम नाही, नव्या उड्डाणपुलातही नाही.

दुरुस्ती सुरू झाली की मात्र ते कुणाचे नसतात. सैल डोक्यात सायकलच्या ट्यूबची चकती बसवतात. मागच्या स्प्रिंगवर तांब्याची तार डाख देऊन जोडतात, म्हणजे सेलचा जोर वाटेत मरत नाही. मंद आणि लुकलुक काढून टाकतात. निळसर पांढरा दिवा उपटून पिवळसर बसवतात. भिंगाच्या आत बटर पेपर कापून लावतात. आणि एवढं सगळं झालं की डोकं मागे ढकलून, गोंद भरून कायमचं चिकटवून टाकतात. झूमची बॅटरी मुद्दाम शोधून आणायची आणि तिचं झूमच बंद करायचं. ज्याला साधी पाहिजे त्याने साधी घ्यावी, असं मी एकदा म्हटलं. साधीचं भिंग लहान असतं, एवढंच उत्तर मिळालं, आणि तेही मान वर न करता.

त्यांच्या घरात त्यांनी काहीही चिकटवावं. माझं भांडण वेगळं आहे.

मी कॉलनीची सचिव. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे मला झोपेतून उठवून विचारावं. आमच्या मागे नाला आहे, नाल्यापलीकडे झुडपं, आणि त्या झुडपांत अधूनमधून बिबट्या येऊन जातो. म्हणून सभेत चौकीदारासाठी लांब उजेडाची टॉर्च घ्यायचं ठरलं. मी अकोल्याला बहिणीकडे गेले तेव्हा भर उन्हात बाजार फिरून, दुकानाच्या अंधाऱ्या बोळात पेटवून पाहून ती आणली. महिनाभरात ती मिणमिणायला लागली. चौकीदाराने ती माझ्याकडे आणायची तर परस्पर सरांना दिली.

परत आली ती पिवळी, पसरट, डोकं चिकटवलेली. नाल्याच्या काठावर उभं राहून पेटवली तर उजेड आमच्याच काठावर सांडला. पलीकडे बिबट्या कुटुंबासह बसला असता तरी दिसला नसता.

मी तशीच टॉर्च घेऊन सरांकडे गेले. ही सभेची वस्तू आहे, ती दूरचं पाहण्यासाठीच घेतली होती, हे त्यांना शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. शांतपणा फाटकापर्यंतच टिकला.

सरांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "वैनी, थो उजेड होता काय? थे तं सुई होती. सुईनं रस्ता दिसते काय?"

"सर, त्याला रस्ता नाही पाहायचा. बिबट्या पाहायचा आहे."

"दूरचं पाहून का करते मानूस? पडते तं पायापाशीच पडते."

मी अडून बसले तेव्हा ती ठेवून घेतली आणि नवी आणून देतो म्हणाले. आणली नाही. चौकशी केली तर कळलं की मी एकटीच नाही. दूधवाल्याची, समोरच्या देशमुखांची, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची, सगळ्यांच्या टॉर्च दुरुस्तीच्या नावाखाली आत जाऊन पिवळ्या होऊन आल्या होत्या. आमची पूर्ण कॉलनी पायापुरतं पाहू लागली होती.

आतून शांताकाकू, म्हणजे सरांची बायको, हे सगळं ऐकत असायच्या. "डोये माये गेले," त्या म्हणायच्या, "अन् इलाज बॅटरीचा सुरू हाये."

काकू नर्स होत्या. पातूरकडच्या खेड्यांत बाळंतपणाला वेळीअवेळी एकट्या चालत जायच्या. आता काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर खाल्ली. समोरचं तेवढं दिसतं, दिवस कलला की तेही धूसर, आणि पांढरा झगझगीत उजेड डोळ्यांना सोसत नाही. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं. तरी दर संध्याकाळी वंदनेला विहारात जाणार, आणि एकट्याच. विहार कॉलनीच्या टोकाला, नाल्यावर पूल म्हणून टाकलेली तुटकी फरशी ओलांडून. ती फरशी बदलून घेणं माझ्या यादीत कधीचं आहे. गेल्या हिवाळ्यात त्या तिथेच पडल्या. गुडघा फुटला. आम्ही सगळ्या बायका समजवायला गेलो तर म्हणाल्या, "ज्या दिवशी कोनी माया हात धरून नेईन, त्या दिवशी विहार बंद." आणि त्या तसं करणाऱ्या आहेत.

सर तेव्हा काय करत होते? ओसरीत बसून स्प्रिंगला तार डाखत होते. तिकडे बायकोच्या गुडघ्याला पट्टी, आणि इकडे यांचं भिंग. माझ्या मनातून हा माणूस त्या दिवशी उतरला.

परवा दिवेलागणीला विजेची लाइन गेली. चौकीदार रिकाम्या हाताने फाटकाशी उभा दिसला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. आज नवी टॉर्च घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवून मी निघाले. सरांच्या ओसरीत कुणी नव्हतं. दार नुसतं लोटलेलं.

रस्त्यावर पाहिलं तर काकू विहाराकडे निघालेल्या. हातात टॉर्च, मुठीपाशी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तसला उजेड मी आजवर नाल्याकाठी शिव्या देत पाहिला होता. त्यांच्या पायांपुढे तो अख्ख्या रस्त्याला पुरला होता. मध्ये झगझगीत ठिपका नाही, कडेला काळं कडं नाही. घरात चादर अंथरावी तसा, आणि त्या त्याच्यावरून ताठ मानेने चालल्या होत्या.

त्यांच्या बऱ्याच मागे, कुंपणाच्या कडेकडेने, सर चालले होते. घरात एवढ्या बॅटऱ्या, आणि हातात एकही नाही. हातात चपला होत्या. काकूंचे कान फार तिखट आहेत.

मी हाक मारणार होते. नाही मारली.

काकू तुटक्या फरशीपाशी पोचल्या, उजेड खाली धरून एकेक पाऊल टाकत पलीकडे गेल्या. तिथे थांबल्या. मान वळवली नाही. फक्त टॉर्चचा हात मागे गेला आणि तो पिवळा, पसरट उजेड फरशीवर येऊन पडला. सर चपला सावरत, दबक्या पावलांनी फरशी ओलांडेपर्यंत तो तिथेच राहिला. मग पुढे निघाला.